पुठ्ठ्याचा आडोसा

पिलीमो गावात आजवर जेवढ्या निवडणुका झाल्या, त्या सगळ्यांची पिशवी ओर्पाने विणली होती. डोंगरातून झाडाची साल आणायची, वाळवायची, मांडीवर वळून तिचा दोरा करायचा आणि त्या दोऱ्याची मोठी, जाळीदार नोकेन विणायची. मतदानाच्या दिवशी ती नोकेन एल्कानाच्या, म्हणजे गावच्या म्होरक्याच्या आणि तिच्या धाकट्या दिराच्या, गळ्यात पडायची आणि गाव एकेक करून आपला कागद त्यात टाकायचं. कोणाच्या नावाने टाकायचा ते आधीच बसून ठरलेलं असायचं. जाळीतून आतले कागद कोणालाही दिसायचे. लपवण्यासारखं काही नव्हतंच, तर लपवायचं कशाला?

यंदा वामेना शहरातल्या कचेरीतून निरोप आला की नोकेन बंद. पेटी येणार, पुठ्ठ्याचा आडोसा येणार. प्रत्येकाने आडोशामागे एकट्याने जायचं, कागदावरच्या आपल्या माणसाच्या चित्रावर खिळ्याने भोक पाडायचं, घडी घालून पेटीत टाकायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही. मतदान म्हणे गुप्त असतं. ज्या गावात कोणाच्या चुलीत कोणतं लाकूड जळतंय हे धुराच्या वासावरून कळतं, त्या गावात गुप्त!

"पेटी तर पेटी," एल्काना म्हणाला. "कागद पिशवीत पडला काय, पेटीत पडला काय, ठरवायचं ते आपण बसूनच ठरवू."

आणि त्याने दगड तापत घालायला सांगितले.

पिलीमोची बैठक म्हणजे नुसती बडबड नसते. अंगणात खड्डा खणतात, तापून लाल झालेले दगड त्यात रचतात, वर नेचाची पानं, रताळी, पाला आणि डुकराचं मांस, वर पुन्हा पानं, पुन्हा दगड. मग गाव खड्ड्याभोवती बसतं आणि बोलतं. बोलून झालं की प्रत्येकाने सगळ्यांच्या देखत तोंडाने 'हो' म्हणायचं. बाईने, बाप्याने, सगळ्यांनी. शेवटचा 'हो' आला की खड्डा उघडतात. एक जण जरी गप्प बसला तरी खड्डा झाकलेलाच राहतो. इथे गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आजोबा-पणजोबांच्या काळात लढाई करायची की नाही तेही असंच ठरायचं, आणि ज्याने 'हो' म्हटलं तो मागे फिरला असं कोणी ऐकलेलं नाही. गाव करी ते राव न करी, ते याच जोरावर.

खड्ड्यातली डुकरं ओत्निएलने पाठवली होती. गेल्या खेपेलाही त्यानेच पाठवली होती, आणि गावाने सगळेच्या सगळे कागद त्याला दिले होते. ओत्निएल निवडून आला आणि शब्दाला जागला, निदान अर्धा तरी. गावाच्या खालच्या अंगाला त्याने दवाखाना बांधून दिला. पत्र्याचं छप्पर, निळं दार आणि दाराला हाताच्या पंजाएवढं कुलूप. नर्स काही आली नाही. किल्ली पलीकडच्या डोंगरावर राहणाऱ्या रखवालदाराकडे.

दीड वर्षापूर्वी त्या निळ्या दारासमोर ओर्पाची लेक दोर्का बाळंतपणात गेली. बाळही गेलं. नवरा अमोस आणि त्याच्या दोस्तांनी तिला झोळीत घालून तिथवर आणलं होतं, कारण आत औषधांची पेटी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि शहरात शिकल्यामुळे अमोसला औषधांतलं थोडंफार कळत होतं. कुलूप बघून अमोस किल्ली आणायला धावला. डोंगर उतरून दुसरा चढून किल्ली घेऊन तो परत आला, तेव्हा ओर्पा दोर्काचे डोळे मिटवून बसली होती.

तेव्हापासून ओर्पा ज्याला-त्याला एकच सांगायची. "किल्ली आणायला गेला! बायको मरत होती आणि हा किल्ली आणायला गेला. बायकोपेक्षा कुलुपाचा मान मोठा." अमोसला तोंडावर तिने कधीच सांगितलं नाही, कारण सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नसतं, एकमेकांकडे बघायचंही नसतं. सांगायचं असेल ते तिसऱ्याकरवी सांगायचं. ओर्पाने ते अख्ख्या गावाकरवी सांगितलं. त्यात अमोस ओत्निएलच्या रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून लागला, आणि ओर्पाच्या मनातून उरलासुरला उतरला.

नातवासाठी विणलेली नोकेन तिच्या झोपडीत खुंटीला तशीच होती. डोक्यावरून पाठीवर सोडायची, आत मऊ पाला घालायचा आणि पोराला निजवायचं, तसली. कोणी मागितली तर ती देत नसे, आणि तिच्याकडे बघतही नसे.

बैठकीत अमोस सगळ्यात आधी उठला.

"ओत्निएलदादाने मला शब्द दिलाय," तो मोठ्याने म्हणाला. "यंदा नर्स येणार. माझा हो."

हो, हो, हो करत ते वर्तुळ फिरत आलं आणि ओर्पापाशी थांबलं. ओर्पा मांडीवर दोरा वळत होती. तिने मान वर केली नाही.

"वहिनी," एल्काना म्हणाला, "तुझा हो राहिलाय."

ओर्पा दोरा वळत राहिली.

"ताई, अहो बोला की," एल्कानाची बायको मिना पुढे सरकली. "दात काढायचाय का तुमचा? एक शब्द बोलायचाय फक्त."

"त्या दवाखान्याचं दार उघडलंय का कोणी?" ओर्पाने विचारलं. "एकदा तरी?"

"नर्स आली की उघडेल," एल्काना म्हणाला.

"गेल्या बैठकीतही दवाखाना येणार, नर्स येणार, म्हणाला होतात. मीही हो म्हटलं होतं. तेव्हा दोर्का माझ्या शेजारी बसली होती."

दुसरी एक बाईही उभी होती निवडणुकीला, योसिना, मिशनच्या इस्पितळातली नर्स. डुकरं पाठवायची तिची ऐपत नव्हती. ती स्वतःच चालत आली होती, ओर्पाच्या झोपडीत बसून भाजलेलं रताळं खाऊन गेली होती. 'निवडून आले तर दाराला कुलूप लावू देणार नाही,' एवढंच म्हणाली होती. गावाला ती आवडली होती. पण आवडणं वेगळं आणि खाल्ल्या मिठाला जागणं वेगळं.

ऊन कलायला लागलं. खड्ड्यातून मांस करपल्याचा वास येऊ लागला. पोरं आधी कुरकुरली, मग रडू लागली. गावातली सर्वांत म्हातारी, तोंडात एकही दात नसलेली, ओर्पाकडे वळून म्हणाली, "ओर्पा, तुझं खरं असेल गं बाई. पण मला उद्याचा भरवसा नाही. आज खाऊ दे की."

काही जण हसले. ओर्पाला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. एवढ्या माणसांत बसून आपल्या बाजूला कोणी नाही, हे तिला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं लेकीला पुरतानाही कळलं नव्हतं. तेव्हा निदान सगळे तिच्यासोबत रडले होते.

"हो," ती म्हणाली.

खड्डा उघडला, वाफ उठली. तिच्या वाट्याचं मांस पानावर आलं आणि तिने ते खाल्लं.

मतदान शाळेच्या अंगणात होतं. वामेनाहून एक तरुण शिक्षिका आली होती, चष्मा लावलेली, सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच समजावणारी. "आत तुम्ही आणि तुमचा कागद. बाकी कोणी नाही. कोणाची भीती बाळगायची नाही हं, आई." ओर्पाला तिने कागद दिला आणि आडोशाकडे बोट केलं.

आडोसा म्हणजे टेबलावर उभा केलेला पुठ्ठा, तीन बाजूंनी दुमडलेला. आत दोरीला बांधलेला खिळा आणि कागदाखाली ठेवायला स्पंजचा तुकडा. ओर्पा आत वाकली आणि बाहेरचं अंगण, माणसं, सगळं दिसेनासं झालं.

दीड वर्ष ती झोपडीत एकटी झोपत होती. पण त्या एकटेपणात शेजारच्या कप्प्यात डुकरीण घोरायची, भिंतीपलीकडे मिना खोकायची. या पुठ्ठ्यामागे मात्र कोणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात असं काही आलं होतं जे कोणी बघणार नव्हतं, आणि त्याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

तिने योसिनाचं चित्र शोधलं. सातव्या चौकटीत होती, हसत होती. ओर्पाने खिळ्याचं टोक त्या हसण्यावर टेकवलं. आता फक्त दाबायचं.

हात दाबेना. आपलाच 'हो' तिला ऐकू येत होता, आणि ओत्निएलचं डुक्कर तिच्या पोटात होतं. 'अगं मेले, कोणी बघत नाहीये,' ती स्वतःला म्हणाली, आणि नेमकं त्याचीच तिला लाज वाटली. सगळ्यांच्या देखत एक बोलायचं आणि आडोशाला जाऊन दुसरं करायचं, हे चोराचं काम. तिने खिळा उचलला, ओत्निएलच्या कपाळावर ठेवला आणि दाबला. कागद फाटल्याचा बारीक आवाज झाला.

बाहेर येऊन तिने कागद पेटीत टाकला आणि बोट शाईत बुडवलं. शिक्षिका हसून म्हणाली, "झालं ना, आई? सोपं असतं." ओर्पाने मान हलवली. दोर्का आज आपल्या हातून दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटत होतं, आणि हे वाटणं सांगायलाही कोणी नव्हतं.

दुपारनंतर मोजणी सुरू झाली. शिक्षिका एकेक कागद उलगडून उन्हासमोर धरायची. भोकातून उजेडाचा ठिपका दिसायचा, ती नाव वाचायची आणि गाव ओरडायचं, "बरोबर!" फळ्यावर ओत्निएलच्या नावापुढे रेघा वाढत होत्या. पोरांना त्याचा खेळच झाला होता. एल्काना बाकावर मांडी घालून बसला होता, सुगी घरात आल्यासारखा.

"ओत्निएल."

"बरोबर!"

"ओत्निएल."

"बरोबर!"

"योसिना," शिक्षिकेने वाचलं.

पोरंसुद्धा ओरडायची थांबली. शिक्षिकेला वाटलं कोणाला ऐकू आलं नाही. तिने कागद पुन्हा उन्हासमोर धरला. "योसिना. एक मत."

अख्खं गाव ओर्पाकडे वळलं.

ओर्पाच्या मनात आधी आला तो आनंद. कोणीतरी आहे! या सगळ्यांत आणखी एक जण आहे, आणि मला ठाऊकही नव्हतं. तिने भराभरा सगळ्यांचे चेहरे पाहिले. कोण? म्हातारी? ती तर झोपली होती. मिना? छे. सगळे डोळे रागाने तिच्याकडेच लागले होते. फक्त एक जण तिच्याकडे बघत नव्हता. त्याला बघायची मनाईच होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण अमोसचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि शाईचं बोट त्याने मुठीत दाबून धरलं होतं.

तो उठला. तोंड उघडून एक पाऊल पुढे आला.

"माझं आहे ते," ओर्पा म्हणाली.

अमोस जागच्या जागी उभा राहिला.

"माझं आहे," ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली. "मी पाडलं भोक."

"अहो, असं सांगायचं नसतं!" शिक्षिका कागद हातात घेऊन धावत आली. "आणि कोणी विचारायचंही नसतं. मत गुप्त असतं. कायदा आहे तसा."

"गुप्त तुमच्या पेटीत, बाई," एल्काना म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. "आमच्याकडे एकच बाई गप्प बसली होती. वहिनी, आज माझा दादा जिवंत असता तर त्याने तोंड कुठे लपवलं असतं? नको होतं तर बैठकीत नाही म्हणायचं होतंस. उद्या सकाळपर्यंत बसलो असतो आम्ही."

"ढेकर ओत्निएलच्या डुकराची आणि मत बाहेरच्या बाईला!" मिना म्हणाली.

ओर्पाला हे सगळं ऐकताना वाईट वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. ते मत तिचं नव्हतं. पण असायला हवं होतं. आता निदान लोकांच्या तोंडी तरी ते तिचं झालं. शब्द मोडणाऱ्याने गावाला एक डुक्कर द्यायचं असतं. एल्कानाने दंड सांगितला आणि ती घरी आली.

तिच्याकडे एकच डुकरीण होती. संध्याकाळी तिला रताळ्याच्या साली घालताना ओर्पाच्या ध्यानात आलं. योसिनाच्या नावावर मत एकच पडलं होतं. ते अमोसचं. म्हणजे ओर्पाने ओत्निएललाच मत दिलं हे अख्ख्या गावात एकट्या अमोसला ठाऊक होतं. स्वतःच्या खोट्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती डुकरिणीला दोरी बांधून एल्कानाच्या अंगणात पोचली तेव्हा तिथे आधीच एक डुक्कर बांधलेलं होतं. अमोसचं होतं. चांगलं पोसलेलं, दुसऱ्या लग्नासाठी राखलेलं.

"सासूचा दंड जावई भरतो," अमोस एल्कानाला सांगत होता. ओर्पाची चाहूल लागताच त्याने तोंड फिरवलं.

"दिसतंय का हे?" एल्काना ओर्पाकडे वळून म्हणाला. "वहिनी, बघ. दीड वर्ष याच्या नावाने खडे फोडलेस. आणि हा बघ."

"असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," मिना म्हणाली.

ओर्पाने डुकरिणीची दोरी सोडली नाही. तशीच मागे फिरली आणि तिला घरी घेऊन आली.

त्यानंतर गावाने तिला काही बोलून दाखवलं नाही. बोलणंच कमी केलं. रताळ्याच्या शेताकडे जाताना बायका तिला हाक मारायच्या, त्या मारेनाशा झाल्या. विस्तव मागायला मिना यायची, ती आता पलीकडच्या घरी जाई. ओत्निएल निवडून आला. निळं दार बंदच होतं. कधी कधी ओर्पाला वाटे, उठावं आणि सांगून टाकावं की मी शब्द पाळला, मी तुमच्यातलीच आहे. मग तिला राखेसारखा झालेला तो चेहरा आठवे आणि ती दोरा वळायला घेई.

एका दुपारी शेताच्या बाजूने लाकूड ठोकल्याचा आवाज आला. डुकरिणीने कुंपण मोडलं होतं, ते कोणीतरी सारखं करत होतं. ओर्पाने जाऊन पाहिलं. अमोस होता. तिने लगेच पाठ वळवली.

ती घरात गेली, राखेतून दोन रताळी काढली. येताना खुंटीवरची नोकेन तिच्या नजरेस पडली. तिने ती काढली, रताळी तिच्यात घातली, पाठमोरी चालत कुंपणापाशी आली आणि नोकेन खांबाला अडकवली. मग तिकडे पाठ करूनच खाली बसली.

ठोकणं थांबलं. नोकेन त्याने ओळखली असणार. ती विणली जात असताना दोर्का रोज त्याला मापं दाखवायची. मग कुंपणापलीकडे तोही बसल्याचं तिला कळलं. रताळं सोलल्याचा आवाज आला.

डुकरीण दोघांच्या मधे, मोडक्या फटीत नाक घालून उभी होती. अमोस तिच्याशी बोलू लागला. डुकराशी बोलायला कोणाची मनाई नसते.

"त्या दिवशी मी किल्लीमागे धावायला नको होतं," तो डुकरिणीला म्हणाला. "कुऱ्हाड घेऊन दार तोडायला हवं होतं. सरकारचं कुलूप, कसं तोडायचं, असं वाटलं. रोज रात्री तोडतो आता."

ओर्पाने नोकेनकडे हात नेला आणि उरलेलं रताळं उचललं. ते अजून गरम होतं.

"दार माझ्याही समोर होतं," ती डुकरिणीला म्हणाली. "मीही किल्लीचीच वाट बघत बसले."